एमएसमध्ये गिळताना त्रास होतोय? सुरुवात कुठून करायची

घरात कुणी आजारी पडलं की आपल्याकडे पहिल्यांदा ताटातली भाकरी जाते आणि पेज, पातळ वरण, मोसंबीचा रस येतो. पातळ म्हणजे हलकं, सहज पोटात जाणारं, अशी आपली समजूत. तापात, जुलाबात ती बरोबरही आहे. पण मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे, म्हणजे एमएसमुळे, ज्याचं गिळणं बिघडलंय त्याला पुष्कळदा सगळ्यात अवघड जातं ते साधं पाणी. ठसका लागतो म्हणून आपण जेवण आणखी पातळ करतो आणि ठसके वाढत जातात. या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

माझ्या थोरल्या बहिणीला एमएस आहे. तिचं घर सांगलीत, माझं सातारा जिल्ह्यात, आणि महिन्यातले बरेच दिवस मी तिच्याकडेच असते. मी डॉक्टर नाही. तपासण्या, थेरपिस्टांनी शिकवलेलं आणि रोजचा स्वयंपाक यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. घरी लगेच करण्यासारखं काय आणि तपासणीशिवाय अजिबात करू नये असं काय, हे जिथल्या तिथे सांगितलं आहे.

आत काय बिघडतं

घास घशाशी पोचला की मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करते, स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घशातलं हे सगळं साधारण एका सेकंदात उरकतं. त्याचे हुकूम मेंदूच्या खालच्या भागातून, मेंदूस्तंभातून, सुटतात. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करते. मेंदूस्तंभात किंवा लहान मेंदूत असे चट्टे पडले की हुकूम उशिरा पोचतात किंवा अर्धवट पोचतात. पाणी थांबत नाही. जिभेवरून घसरून ते खाली येतं तेव्हा श्वासनलिकेचं दार अजून उघडंच असतं. दाट पदार्थ सावकाश सरकतो, म्हणून ते दार मिटायला वेळ मिळतो.

एमएस असलेल्या साधारण तीनांतल्या एकाला, काही पाहण्यांत त्याहून जास्त जणांना, गिळण्याचा काही ना काही त्रास असतो. आजार वाढलेल्यांत तो जास्त दिसतो, पण व्यवस्थित चालता-फिरता येणाऱ्यांतही असू शकतो. "पाय चांगले आहेत की, मग घशाला काय होणार?" असं धरून चालू नका.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा आणि लिहा

काही बदलायच्या आधी एक वही करा. काय खाल्लं-प्यायलं, किती वाजता, कसं बसून, माणूस थकलेला होता का, आणि काय झालं. ठसका तर सगळ्यांना दिसतो. बाकीच्या खुणा बघायला नजर लागते: घोट घेतल्यावर आवाज ओलसर, भरून आल्यासारखा होणं, सारखा घसा खाकरणं, गालात घास उरणं, एकेक घास दोन-तीनदा गिळावा लागणं, पाणी नाकातून येणं, लाळ गळणं, गोळी घशात अडकल्यासारखी वाटणं, जेवायला पूर्वीपेक्षा खूप वेळ लागणं. आणि कारण न सांगता एकेक पदार्थ सोडून देणं. ताईने चहाबरोबर खारी खाणं कधी बंद केलं ते घरात कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाली, "नको वाटतं आता." असं "नको वाटतं" वहीत लिहून ठेवा.

आवाजाची खूण सगळ्यात सोपी आहे. पाण्याचा घोट गिळून झाला की "आ" म्हणायला सांगा. आधीचा आवाज आणि नंतरचा आवाज यात फरक असेल, गुळगुळ ऐकू येत असेल, तर स्वरतंतूंवर काहीतरी साचलंय.

ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र समजू नका. काहींच्या घशाची जाणीवच कमी झालेली असते. पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि खोकला येतच नाही. अशा माणसात कळतं ते वारंवार येणाऱ्या तापावरून, छातीतल्या कफावरून, उतरणाऱ्या वजनावरून. म्हणून आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच काट्यावर वजन करा.

माणसाची तयारी असेल तर एका जेवणाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांसमोर बसलं की सगळे सावधपणे गिळतात, घरचं खरं चित्र व्हिडिओतच दिसतं.

दुसरी पायरी: न्यूरोलॉजिस्टना सांगा, आणि अचानक झालं असेल तर आजच

तपासणीच्या दहा मिनिटांत पाय, डोळे, लघवी यांवरच बोलणं होतं आणि गिळण्याचं राहून जातं. वही पुढे करा आणि त्यावरूनच सुरुवात करा.

त्रास एक-दोन दिवसांत नव्याने उभा राहिला असेल तर तो रिलॅप्स, म्हणजे एमएसने नव्याने उसळी घेणं, असू शकतो. मग पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. डॉक्टर आधी ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग नाही ना ते बघतील, कारण संसर्गानेही एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती उफाळतात. रिलॅप्स असेल तर बहुधा शिरेतून स्टेरॉइडचा काही दिवसांचा कोर्स देतात.

सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या. लघवीच्या घाईसाठी दिलेली ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन यांसारखी औषधं आणि वेदनेसाठीची अमिट्रिप्टिलिन तोंड कोरडं पाडतात, आणि कोरड्या तोंडात घास बांधला जात नाही. स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनने गुंगी येऊ शकते. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका, विशेषतः बॅक्लोफेन. ते एकदम थांबवलं तर झटके येण्यापर्यंत गंभीर त्रास होऊ शकतो.

तिसरी पायरी: योग्य थेरपिस्ट शोधा

गिळण्याचे उपचार स्पीच थेरपिस्ट करतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बरेचसे एकच आहेत. अडचण अशी की आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडे मुख्यतः लहान मुलंच येतात. म्हणून अपॉइंटमेंट घेताना स्पष्ट विचारा: "मोठ्या माणसांच्या गिळण्याच्या त्रासाचं काम तुम्ही करता का? मेंदूच्या आजाराचे पेशंट बघितलेत का?" भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी आहे का हेही विचारा. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

मिरजेला १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतलीच नव्हे तर कर्नाटकातलीही माणसं तिथे उपचाराला येत आली आहेत. सांगली-मिरजेत किंवा कराडला मेंदूचे आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर भेटतात. पण पुढे सांगितलेल्या दोन तपासण्या नेमक्या कुठे होतात ते निघायच्या आधी फोनवर पक्कं करा. कोल्हापूर किंवा पुण्याला जावं लागलं तर सगळ्या अपॉइंटमेंट एकाच दिवसात कोंबू नका. थकलेल्या माणसाचं गिळणं तपासलं तर निकालही थकव्याचाच येतो.

थेरपिस्ट आधी साधी तपासणी करतील: ओठ, जीभ, टाळू, खोकल्याची ताकद, मग चमचाभर पाणी, मग वेगवेगळ्या दाटपणाचे घास. गरज वाटली तर दोनपैकी एक तपासणी. एकीत नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालून घसा बघतात आणि रंग घातलेलं पाणी, दही, बिस्किट असं काहीतरी खायला देतात. रंग कुठे साचतो, कुठे उतरतो ते पडद्यावर दिसतं. दुसरीत बेरियम, म्हणजे एक्स-रेत दिसणारा पदार्थ, मिसळलेलं अन्न गिळताना एक्स-रेचा चलत्‌चित्रपट घेतात. दुर्बिणीची भीती वाटते खरी, पण त्रास नाकात चुरचुरण्यापलीकडे सहसा जात नाही. या तपासणीचा मोठा फायदा असा की कोणत्या दाटपणाला आणि मानेच्या कोणत्या स्थितीत घास नीट उतरतो ते तिथल्या तिथे करून बघता येतं. त्याशिवाय दिलेला आहार अंदाजाचाच राहतो.

चौथी पायरी: बसणं आणि पिणं (हे आजच सुरू करा)

पाट, मांडी घालून जेवणं, उशीला टेकून अर्धवट पडून चहा घेणं बंद. खुर्ची-टेबल, पाठ सरळ, पाय जमिनीला टेकलेले. व्हीलचेअर असेल तर कमरेमागे उशी देऊन माणूस सरळ बसवा. जेवल्यावर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. जेवताना टीव्ही बंद. घास तोंडात असताना प्रश्न विचारायचे नाहीत, पाहुण्यांनीसुद्धा.

आता पाण्याचं. तांब्या उंच धरून वरून धार सोडून पाणी पिण्याची आपली जुनी सवय आहे. तसं पिताना मान मागे जाते, श्वासनलिकेची वाट सरळ होते आणि पाणी वेगाने आत येतं. एमएसच्या माणसाने असं पिऊ नये. अरुंद पेला आणि बाटलीही तशीच, तळाचं पाणी यायला मान मागे टाकावी लागते. पसरट तोंडाचं फुलपात्र घ्या, ते बऱ्यापैकी भरलेलं ठेवा आणि अर्ध्याखाली गेलं की पुन्हा भरा. मान वर करावीच लागत नाही. एका वेळी एक छोटा घोट, तो पूर्ण उतरल्यावर दुसरा.

हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला पुष्कळांना सांगतात आणि पुष्कळांना त्याचा उपयोगही होतो. पण सगळ्यांना नाही. घास घशात साचत असेल किंवा एका बाजूचा घसा कमजोर असेल तर मान वळवण्यासारखी वेगळी युक्ती लागते. तुमच्यासाठी कोणती, ते तपासणीवरून ठरू द्या.

ठसका लागला की घरातली मोठी माणसं डोक्यावर थापटतात आणि "वर बघ, वर बघ" म्हणतात. आमच्या आईचा हात अजूनही तसाच पुढे येतो. वर बघितल्याने काही सुटत नाही, उलट जे घशात आहे ते आत जायला वाट होते. माणसाला पुढे झुकू द्या, मोकळेपणी खोकू द्या. आणि वरून पाणी देऊ नका.

पाचवी पायरी: वेळ सांभाळा

एमएसमध्ये सकाळी चांगलं गिळणारा माणूस रात्रीच्या जेवणाला ठसकत असतो. जेवणाआधी अर्धा तास विश्रांती, दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी, आणि जास्त चावावं लागणारं ते दिवसाच्या पहिल्या भागात. अंगातली उष्णता वाढली की एमएसची लक्षणं वाढतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या दुपारी कठीण जातात. ताईचं मुख्य जेवण त्या दिवसांत दाजी सकाळी दहा-साडेदहालाच वाढतात, कूलर चालू करून. अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागू लागला तर ताट बाजूला ठेवा. उरलेलं दोन तासांनी.

सहावी पायरी: ताट आणि वाटी

अन्नाच्या दाटपणासाठी आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ० ते ७ अशा पायऱ्यांची. ० म्हणजे साधं पाणी, ७ म्हणजे नेहमीचं जेवण. थेरपिस्ट तुम्हाला "पेय २, जेवण ५" असं काहीतरी लिहून देतील. ते घरी मोजता येतं.

पेय मोजायला १० मिलिलिटरची सिरिंज लागते. तिच्यावरच्या ० ते १० या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर आहे का तेवढं पट्टीने बघून घ्या. दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद करा, १० च्या खुणेपर्यंत पेय भरा, बोट काढून १० सेकंद वाहू द्या, पुन्हा बंद करा. मागे १ ते ४ मिलिलिटर उरलं तर पायरी १, ४ ते ८ उरलं तर पायरी २, त्याहून जास्त उरलं तर ३. काहीच वाहिलं नाही तर ४, ते चमच्यानेच खायचं. जेवणात ५ म्हणजे बारीक, ओलसर, ४ मिलिमीटरपर्यंतचे तुकडे, साधारण जेवणाच्या काट्याच्या दोन दातांमधल्या फटीएवढे. ६ म्हणजे दीड सेंटिमीटरपर्यंतचे मऊ तुकडे. काटा ठेवून अंगठ्याने नख पांढरं पडेपर्यंत दाबा. तुकडा चेपून तसाच राहिला पाहिजे, पुन्हा फुगायला नको.

पाणी दाट करायला पावडर मिळते. झँथन गमची पावडर पिष्टाच्या पावडरीपेक्षा जास्त टिकते. का, ते आमच्याकडे नाचणीच्या आंबिलीने दाखवून दिलं. सुरुवातीला वाटीतली आंबील हवी तशी दाट असायची आणि खाता खाता तळाला पाण्यासारखी व्हायची. तोंडातला चमचा पुन्हा वाटीत जायचा, त्याच्याबरोबर लाळ जायची, आणि लाळेतलं एन्झाइम नाचणीचं पिष्ट फोडायचं. आता मोठ्या भांड्यातून थोडी थोडी आंबील छोट्या वाटीत घेतो आणि उरलेली त्या वाटीत ठेवत नाही.

थेरपिस्टने सांगितल्याशिवाय पाणी दाट करू नका. दाट पाणी चवीला बरं लागत नाही, माणूस कमी पितो, मग बद्धकोष्ठ आणि लघवीचा संसर्ग, आणि संसर्गाने एमएस पुन्हा वर डोकं काढतं. दाट पेय सुरू झालंच तर दिवसभरात किती गेलं ते वहीत मोजा.

आपल्या स्वयंपाकातले धोक्याचे पदार्थ सांगते. भुरभुरणारे आणि कोरडे: भडंग, चिवडा, फरसाण, शेंगदाण्याची कोरडी चटणी, पोह्यांवरचं खोबरं. सालीचे आणि गोल: द्राक्षं, डाळिंबाचे दाणे, मटकीची उसळ. चिकटणारे: साबुदाण्याची खिचडी, कंदी पेढे. आणि ज्यांच्याकडे सहसा लक्षच जात नाही ते, एकाच घासात घट्ट आणि पातळ दोन्ही असणारे: पातळ आमटी-भात, कटात भिजवलेली मिसळ, दुधात कुस्करलेली भाकरी. तोंड भाकरी चावण्यात गुंतलेलं असतं तोवर दूध पुढे निघून जातं.

दूध-भाकरी सोडायची गरज नाही. भाकरी बारीक कुस्करा, गरम दुधात झाकून ठेवा, रवीने किंवा चमच्याने घोटा, आणि वाटी तिरकी केल्यावर दूध वेगळं ओघळत नाही ना ते बघा. आमटी-भातही तसाच: भात गुरगुट्या, आमटी दाट, दोन्ही कालवून एकजीव. पिठलं चांगलं चालतं, फक्त त्यातली मिरची-मोहरी गाळून फोडणी द्या. घोटलेल्या ज्वारीच्या कण्या, दह्यात कालवलेला मऊ भात, भगर, कुस्करलेलं केळं, पिकलेली पपई, मऊ ऑम्लेट, श्रीखंड. वजन उतरत असेल तर साजूक तूप, साय, दुधाची पावडर घालून तेवढ्याच घासात ताकद वाढवा. आइस्क्रीम तोंडात विरघळून पाणी होतं, म्हणून ज्यांना पाणी चालत नाही त्यांना तेही चालत नाही.

सगळं मिक्सरमधून एकत्र फिरवून करड्या रंगाचा गोळा वाढू नका. भाजी, वरण, भात वेगवेगळे वाटा आणि वेगवेगळ्या वाट्यांत वाढा. खाणाऱ्याला आपण काय खातोय हे कळलं पाहिजे.

गोळ्या

पाण्याबरोबर गोळी अवघड जात असेल तर चमचाभर दह्यातून किंवा कुस्करलेल्या केळ्यातून देता येते. कुटून देण्याआधी मात्र प्रत्येक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. एमएसमधलीच दोन उदाहरणं: डायमिथाइल फ्युमरेटची कॅप्सूल फोडायची, चावायची नसते, आणि चालण्यासाठी दिलेली फॅम्प्रिडिनची सावकाश विरघळणारी गोळी तोडायची नसते. तोडली तर औषध एकदम अंगात जातं आणि झटके येण्याचा धोका असतो.

व्यायाम

जोर लावून गिळणं, उताणं पडून फक्त डोकं उचलणं, विशिष्ट उपकरणात जोराने फुंकणं, असे व्यायाम आहेत. फुंकण्याच्या व्यायामाने खोकल्याची ताकद वाढते असं एमएसवरच्या छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. कोणता, किती वेळा, हे थेरपिस्टने ठरवायचं. मानेचा त्रास असलेल्याने डोकं उचलायचा व्यायाम इंटरनेटवर बघून करू नये, आणि जेवणाच्या आधी दमवणारा कोणताच नको. अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाचा स्नायू सैल पडत नसेल तर काही निवडक रुग्णांत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात.

तोंडाची स्वच्छता

फुप्फुसात नुसतं पाणी गेलं त्यापेक्षा घाण तोंडातले जंतू घेऊन गेलं तर न्यूमोनियाचा धोका कितीतरी वाढतो. सकाळी आणि रात्री ब्रश, प्रत्येक जेवणानंतर गालांतून बोटाने किंवा ओल्या कापडाने उरलेले कण काढणं, कवळी रात्री काढून धुणं. मिसरी आणि तंबाखू बंद.

घास अडकला तर

खोकला येतोय, आवाज निघतोय, तोवर पुढे वाकवून खोकू द्या. आवाज बंद झाला, श्वास घेता येत नाही, तर वेळ घालवू नका. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा. सुटलं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर ५ झटके. घास निघेपर्यंत आलटून पालटून. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ लावायचा. व्हीलचेअर असेल तर आधी ब्रेक लावा. शुद्ध गेली तर जमिनीवर झोपवून छातीवर दाब द्यायला सुरुवात. घरातल्या प्रत्येकाने हे एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. ठसक्याच्या प्रसंगानंतर एक-दोन दिवसांत ताप, धाप, घट्ट पिवळा कफ दिसला तर थेट दवाखाना.

नळीचा प्रश्न आला तर

वजन उतरतच राहिलं किंवा पुन्हा पुन्हा न्यूमोनिया झाला तर डॉक्टर नळीचं नाव काढतात. थोड्या दिवसांसाठी नाकातून, साधारण ४ आठवड्यांहून जास्त लागणार असेल तर पोटातून थेट जठरात, जिला पेग म्हणतात. "म्हणजे आता संपलं" असं नातेवाईक म्हणतात आणि रुग्णासमोरच म्हणतात. तसं नाही. पेग असूनही तपासणीत सुरक्षित ठरलेले दोन-चार घास चवीसाठी खाणारी माणसं असतात, आणि रिलॅप्सनंतर गिळणं सुधारलं तर ती काढताही येते. निर्णय मात्र ज्याच्या पोटात नळी बसणार त्याचा. म्हणून तो नीट बोलू शकतो तेव्हाच, घाईची वेळ यायच्या आधी, हे त्याच्याशी बोलून ठेवा.

कागदपत्रं

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. अर्जाबरोबर एमआरआय आणि न्यूरोलॉजिस्टचा अहवाल जोडा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्था १९८५ पासून आहे आणि तिची पुण्यात शाखा आहे. तिथल्या लोकांशी मराठीतून बोलता येतं.

पुन्हा कधी दाखवायचं

प्रत्येक रिलॅप्सनंतर. नवीन औषध सुरू झाल्यावर तोंड कोरडं पडू लागलं किंवा गुंगी वाढली तर. दोन आठवडे ओळीने वजन उतरलं तर. "आ" म्हणताना आवाज ओला येऊ लागला तर. यातलं काहीच झालं नाही तरी थेरपिस्टने दिलेल्या तारखेला जा, आणि जाताना घरचा डबा न्या. रोज जे खाल्लं जातं तेच त्यांच्यासमोर खाऊन दाखवलं की दाटपणा कमी-जास्त करायचा का, एखादा पदार्थ परत सुरू करता येईल का, ते तिथेच ठरवता येतं.